मानेत लोखंड नाही

आमच्या दापोलीच्या वाचनालयातल्या मंडळींनी गळ घातली, "डॉक्टर, मुंबईला जाऊन रोबोटने केलेलं ऑपरेशन बघून आलात, आपल्या वार्षिक अंकाला चार पानं लिहा की." मी लगेच लिहिली. रोबोटला हात किती, सर्जन कुठे बसतो, पेशंट कधी घरी जातो, सगळं लिहिलं. मग एकदा वाचून पाहिलं आणि फाडून टाकलं. मी तिथे गेलो कशासाठी, एवढंच त्यात नव्हतं.

ते सांगायचं मी वीस-बावीस वर्षं टाळलं आहे. बायकोला सांगितलं नाही, ती गेली. मुलगा विचारायचा, "बाबा, चांगली चाललेली प्रॅक्टिस टाकून तुम्ही मुंबई का सोडलीत?" त्याला हवा मानवत नव्हती असं सांगितलं. आता वय असं आहे की आणखी टाळलं तर ते माझ्याबरोबरच जाईल. म्हणून मूळ गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या हातून एका बाईचा आवाज गेला. त्याचा दोष माझ्या हाताखाली शिकणाऱ्या एका डॉक्टर मुलीवर आला, आणि मी तो येऊ दिला. गेल्या हिवाळ्यात मी मुंबईला गेलो तो तिची माफी मागायला. ऑपरेशन बघणं हे निमित्त होतं.

तिचं नाव सुजाता वाघमारे. 'मुलगी' म्हणायची मला सवय, पण ती पन्नाशीला आली आहे. अंधेरीतल्या एका खाजगी रुग्णालयात अन्ननलिकेच्या कर्करोगाची ऑपरेशनं करते. दर दिवाळीला तिचा फोन येतो. गेल्या दिवाळीला म्हणाली, "सर, एकदा या ना. हृदयाच्या मागे आपण आंधळ्यासारखे हात घालायचो, ती जागा एकदा डोळ्यांनी बघा."

येतो म्हणालो. फोन ठेवला आणि कागद-पेन घेऊन पडवीत बसलो.

मुलुंड

मुक्काम पुतण्याकडे, मुलुंडला. नितीनचं घर एका उंच इमारतीत आहे, मागच्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात. आमच्याकडे कुणाकडे गेलं की अंगणातूनच "आहात का घरात?" अशी हाक मारायची, आणि आतून "या, या" येईपर्यंत आपण पडवीत पोचलेले असतो. इथे खालच्या वॉचमनने मला उभं करून वर फोन लावला, "लिमये साहब, कोई लिमये आया है." त्या 'कोई'ला मान्यता मिळाली आणि मी लिफ्टमध्ये शिरलो.

पिशवीत कोकम आगळाची बाटली होती. तिचं बूच वाटेत सैल झालेलं मला कळलं नाही. लिफ्टमध्ये माझ्या चपलेशी लालभडक थारोळं जमायला लागलं. शेजारच्या गुजराती बाई भिंतीला चिकटून म्हणाल्या, "अंकल, ब्लड?" मी म्हटलं, "नाही हो, कोकम." त्यांचा विश्वास बसला नसावा. मजला येताच त्यांनी नितीनच्या दाराची बेल माझ्याआधी दाबली. संध्याकाळी त्यांच्याकडून माझ्यासाठी ढोकळा आला. वर निरोप, अंकलची तब्येत कशी आहे.

मी एक वाक्य घेऊन आलो होतो. दापोलीत पुष्कळ खाडाखोड करून ते लहान केलं होतं. त्यात 'परिस्थिती', 'घाई', 'त्या काळी' असे शब्द होते, ते एकेक करून काढले होते. सकाळी दाढी करताना आरशासमोर ते म्हणून पाहिलं. 'सुजाता' या शब्दानंतर मला खोकला यायचा. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. बाहेरून नितीनच्या बायकोचा आवाज आला, "अहो, काका आत कुणाशी बोलतायत?"

नितीनने दार वाजवलं. "काका, ठीक आहेस ना रे?"

"भाषणाची तयारी करतोय," मी म्हटलं. खोटं नव्हतं तसं.

घाटकोपर

नितीन मला घाटकोपरला सोडून कामाला गेला. तिथून अंधेरीला मेट्रोने जायचं होतं. पण स्टेशनापासून थोडं चाललं की आमचं जुनं रुग्णालय लागतं. त्याचं नाव लिहीत नाही. चूक इमारतीची नव्हती.

समोरची चहाची टपरी गेली आहे. तिथे एक माणूस प्रचंड तव्यावर डोसे करत होता, आणि त्या डोशात बटाटा, चीज, शेव, कोबी, हाताला लागेल ते सगळं टाकून डावाने ठेचत होता. मी विचारलं, "साधा मिळेल का?" तो म्हणाला, "आजोबा, साधा घरी खायचा असतो." मग ठेचलेला घेतला. चांगला होता. तो हातात घेऊन मी आमच्या जुन्या थिएटरच्या खिडकीकडे बघत उभा राहिलो.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. अन्ननलिका म्हणजे घशापासून पोटापर्यंत उतरणारी, वीतभरापेक्षा थोडी लांब नळी. तिच्या पुढे श्वासनळी आणि हृदय, मागे मणके, शेजारी शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. कर्करोग झाला की ती नळी काढायची आणि जठराची निमुळती नळी करून ती मानेपर्यंत वर ओढून जोडायची. आमच्या वेळी आम्ही हे बहुतेक छाती न उघडता करत असू. एक सर्जन पोटातून वर हात घालायचा, दुसरा मानेतून खाली बोटं. मधलं काही दिसायचं नाही. दोघांची बोटं हृदयाच्या मागे कुठेतरी एकमेकांना लागली की काम होत आलं म्हणायचं. हात आत असताना हृदय मनगटावर धडका मारायचं, रक्तदाब उतरायचा, आणि भूल देणारे डॉक्टर ओरडायचे, "लिमये, हात काढ!" मी काढायचो. हृदय सावरलं की पुन्हा घालायचो.

मानेत एक वेगळी भीती असते. श्वासनळी आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून एक बारीक नस वर जाते. स्वरयंत्र तिच्यावर चालतं. ती दबली की आवाज जातो. म्हणून मी माझ्या युनिटला एक नियम घालून दिला होता. जखमेच्या कडा बाजूला धरायची जी लोखंडी हत्यारं असतात ती त्या खाचेत घालायची नाहीत. तिथे फक्त बोट. "मानेत लोखंड नाही," मी दरडावून सांगायचो. माझ्या पाठीमागे पोरं माझी नक्कलही करायची, नाकातला आवाज काढून.

हिराबाई वेसाव्याची कोळीण. वेसाव्याला शहरात वर्सोवा म्हणतात. बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायची. वॉर्डात तिने हाक मारली की खालच्या मजल्यावरच्या सिस्टर वर यायच्या. लहानपणापासून मिश्री लावायची सवय, आणि गाठ वेळेवर सापडलेली. ऑपरेशनच्या दिवशी मी पोटाकडे होतो, सुजाता मानेकडे. रक्तदाब सारखा उतरत होता, मी घाईला आलो होतो. सुजाताचा हातमोजा सुईने फाटला. "सर, बदलून येते," म्हणाली आणि मागे वळली.

तेवढ्यात मी मानेशी गेलो. खाचेत बोट घातलं, मनासारखं दिसेना. सिस्टरपुढे हात केला. तिने लोखंड हातावर ठेवायला क्षणभर उशीर केला, आणि मास्कवरून माझ्याकडे पाहिलं. मी बोटं हलवली. तिने दिलं. मी ते खाचेत घातलं, ओढलं, हवं ते पाहिलं, काढून परत दिलं. सुजाता आली तेव्हा मी पोटाशी होतो. तिने खाचेत बोट ठेवलं आणि काम पुढे चालू झालं.

हिराबाई वाचली. आवाज गेला. महिन्यांमागून महिने वाट पाहिली, आला नाही. मग रुग्णालयाची बैठक भरली. मानेकडे कोण होतं? वाघमारे. त्या सिस्टरला कुणी विचारलं नाही. सुजाताचे वडील जालन्याकडून मुंबईत आलेले, कुटुंब बौद्ध. घरातली ती पहिली डॉक्टर. बैठकीत एक वरिष्ठ गृहस्थ म्हणाले, "ही मंडळी कुठून आणि कशी येतात, ते आपल्याला ठाऊकच आहे." सगळ्यांना कळलं. कुणी काही बोललं नाही.

तेव्हा मी उभा राहिलो. म्हणालो, "चूक कुणाच्याही हातून होते. पोरीचा हात चांगला आहे. तिला असं बोलू नका." बाहेर आल्यावर दोघा-तिघांनी माझा हात दाबला, लिमये, मन मोठं तुमचं. सुजाता जिन्याशी उभी होती. ती रडत माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

आमच्या युनिटमधली जागा तिला मिळाली नाही. ती मुंबई सोडून शिकायला बाहेर गेली, आणि पुढची काही वर्षं तिने मानेत हात घातला नाही असं मला दुसऱ्यांकडून कळलं. मी दापोलीला निघून आलो. बोटानेही कधीकधी नस दुखावते, मी लोखंड घातलं ते क्षणभरच, नक्की कशाने झालं कुणी सांगावं, या विचाराच्या आडोशाला मी इतकी वर्षं काढली.

डोसा गार झाला होता. तो तसाच संपवून मी मेट्रोचा जिना चढलो.

अंधेरी

रुग्णालयाच्या दारात सुजाता उभी होती. केस पिकलेत, रंगवत नाही. भर रस्त्यात वाकली. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत होऊनही गेलं.

"सर, बारीक झालात."

"तू जाड झालीस."

"झाले ना! कॅन्टीनचा वडापाव. चला, आधी पेशंटला भेटा, त्याची परवानगी लागते."

पेशंट मरोळच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा, चाळिशीतला. सुजाताने सांगितलं, हे माझे सर, यांना तुमचं ऑपरेशन बघायचंय. तो म्हणाला, "बघू दे ना मॅडम. मी तर झोपलेलोच असणार. नंतर मला पण सांगा आजोबा, पिक्चर कसा होता."

तिथे माझी फजिती झाली. थिएटरबाहेरचं बेसिन दिसलं आणि माझे हात आपोआप साबणाकडे गेले. कोपरापर्यंत घासले, नळ कोपराने बंद केला, बोटं वर करून आत गेलो आणि उभा राहिलो. कुणीच गाऊन आणेना. शेवटी एक सिस्टर हळूच म्हणाली, "सर, तुम्हाला फक्त बघायचंय." मी हात खाली केले. ओल्या कोपरांचं काय करावं कळेना, ते पोटाशी पुसले.

रोबोट म्हणजे माणसाच्या आकाराचं काही असेल, अशी इथल्या पुष्कळांची समजूत आहे. तसं नाही. प्लास्टिकने गुंडाळलेला एक मोठा खेकडा टेबलावर वाकून उभा आहे, अशी कल्पना करा. पेशंटला जवळजवळ पालथा झोपवलेला, उजव्या बरगड्यांमध्ये बोट जाईल एवढी भोकं, त्यांतून खेकड्याच्या नांग्या आत. सुजाता पेशंटजवळ नव्हतीच. कोपऱ्यात एका यंत्रापुढे बसली होती, चपला काढून, पायात मोजे घालून, कारण खालची पॅडल पायांना नीट लागावी लागतात. घरी शिवणयंत्रावर बसावी तशी. ती दोन बोटं वळवी, आणि तिकडे छातीत नांगीची पकड वळे. नांगी स्वतःहून काही करत नाही. रोबोट हे नाव उगाच मोठं आहे.

शिकणाऱ्यांसाठी तसंच दुसरं आसन होतं, तिथे मला बसवलं. मी डोकं आत घातलं.

ती जागा मी आयुष्यभर बोटांनी ओळखत होतो. ऊन लागलेला चिखल, दोरखंड, ओलं कापड, अशी माझ्या बोटांनी तिला नावं ठेवली होती. आता ती डोळ्यांसमोर होती, मोठी, खोल, उजेडाने भरलेली. फुफ्फुस मिटून बाजूला पडलेलं. महाधमनी एका लयीत उसळत होती. तिच्या अलीकडे अन्ननलिका, गुलाबी, साधी, जवळजवळ भित्री. माझे डोळे भरून आले. यंत्राची काच धूसर झाली म्हणून मी पुसायला गेलो. काच स्वच्छ होती.

सुजाता सांगत होती. आधी अन्ननलिकेवरून आडवी जाणारी शीर बांधून कापली. मग नळी मागून, पुढून, बाजूने सोडवत वर जायचं, भोवतालच्या गाठी घेत. रक्त जवळजवळ नाही. थिएटरात कुणाचीतरी जुनी गाणी चालू होती, पेशंटजवळ उभी असलेली डॉ. फर्नांडिस गुणगुणत होती. मग सुजाता म्हणाली, "नस."

गाणं बंद झालं. गुणगुणणं बंद. सिस्टर चालायच्या थांबल्या. ही तिथली रीत आहे. नसेपाशी आलं की कुणी बोलत नाही.

श्वासनळीच्या कडेने एक पांढरा धागा दिसायला लागला. मी हजारदा तिचं नाव घेतलं असेल, छातीत तिला कधी पाहिलं नव्हतं. सुजाताने एक बारीक टोक धाग्याला टेकवलं. पेशंटच्या घशातल्या नळीला तारा लावलेल्या असतात. नस जिवंत असली की यंत्र टुक करतं. टुक. पुन्हा. टुक.

फर्नांडिसने श्वासनळी किंचित बाजूला घेतली. टुक बारीक झालं. मग आलंच नाही.

"सोड," सुजाता म्हणाली. आवाज चढवला नाही. "सोड, आणि सगळे थांबा."

थांबलो. तिने हात मांडीवर घेतले. फर्नांडिसच्या कपाळावर घाम आलेला मला तिथून दिसला नाही, पण असणार. बऱ्याच वेळाने सुजाताने पुन्हा टोक लावलं. टुक, अगदी हलकं. थोड्या वेळाने जरा मोठं. कुणीतरी श्वास सोडला. तो मीच होतो.

"बघितलंत?" ती सगळ्यांना म्हणाली. "हळू ओढलं होतं, लगेच सोडलं, परत आली. बोटाखाली दबली तरी बहुतेक वेळा काही महिन्यांत परत येते. लोखंडाने चेचली तर नाही."

माझ्या आडोशाची भिंत तिथे पडली. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. इतक्या लोकांत, इतक्या शांत आवाजात कुणी म्हटलं नव्हतं एवढंच. आणि म्हणणारी ती होती, आणि ते तिच्याबद्दल आहे हे तिला माहीत नव्हतं.

पेशंटला उताणा करून पोटातलं काम झालं. जठराची नळी केली, तिला रक्त पोचतंय का ते बघायला शिरेतून एक औषध दिलं, आणि खास प्रकाशात ती पोपटी उजळली. भातखाचरासारखी. मग खेकड्याला बाजूला सारलं. मानेतलं काम अजून हातानेच होतं. सुजाता हात धुऊन, गाऊन घालून आली आणि मानेशी उभी राहिली. सुरी घेण्याआधी तिने विचारलं, "मानेत काय नाही?"

सगळे एकदम, शाळेतल्यासारखे: "लोखंड नाही!"

"नियम कुणाचा?"

"लिमये सरांचा!"

आणि सगळी डोकी माझ्याकडे वळली. मास्कच्या वर हसणारे डोळे. फर्नांडिस म्हणाली, "सर, आम्हाला वाटायचं लिमये सर म्हणजे कुणी जुन्या काळातलेच. तुम्ही खरेच आहात की!"

मी मान हलवली.

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये तिने माझ्यापुढे वडापाव ठेवला. पेशंट शुद्धीवर आला होता, सिस्टरकडे मोबाइल मागत होता. आवाज ठणठणीत होता. मी ठरवलं, आता.

"सुजाता," मी म्हटलं. खोकला आला नाही.

"बोला ना सर."

"बोटाने एवढं होत नाही. तूच म्हणालीस आज. मग हिराबाईचं..."

"माझ्याने झालं ना पण. जास्त दाबलं असणार मी. तेव्हा हात कच्चा होता."

"कच्चा नव्हता. तुझ्याकडून झालंच नसेल ते."

ती माझ्याकडे बघून हसली, म्हाताऱ्या बापाकडे बघून हसावं तशी. "नका ना सर. तेव्हाही तुम्ही मला असंच सांभाळून घेतलंत. सगळ्या बैठकीत एकटे उभे राहिलात. तो दिवस नसता तर मी सर्जरी सोडली असती." तिने चटणीची पुडी माझ्याकडे सरकवली. "आता खा. आणि उद्या मला हिराताईंकडे जायचंय, येता का?"

मी खरं सांगायला लागलो तर ते तिला माझा चांगुलपणा वाटत होता. मीच पेरलेलं होतं ते. आता अर्ध्या वाक्याने भागणार नव्हतं. लोखंड हा शब्द उच्चारावा लागणार होता. उद्या दोघी एका जागी असतील, तिथेच सांगू, असं म्हणून मी वडापाव खाल्ला.

वेसावे

मेट्रो जिथे संपते तिथून रिक्षाने कोळीवाडा. इमारती संपल्या आणि वास आला. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, तोंडात तोंड अडकवून जोडीने, ओळीच्या ओळी. हर्णैला आमच्याकडेही मासळी वाळते, पण मागे समुद्र असतो. इथे बोंबलांच्या मागे वीस मजली इमारत होती.

हिराबाई घराच्या ओट्यावर सुकी मासळी मांडून बसली होती. सत्तरीला टेकलेली, हिरवी साडी, कपाळावर गोंदण. गिऱ्हाईक दिसलं की सुरीची मूठ ॲल्युमिनियमच्या ताटावर आपटायची, ठण् ठण्. लोकांच्या माना वळायच्या. बोलायला लागली की मात्र पुढे वाकून ऐकावं लागे. वाळूवरून पोतं ओढल्यासारखा आवाज.

"आली माजी बाय," ती सुजाताला म्हणाली. मग माझ्याकडे बघत, "आणि ह्यो कोन?"

"हिराताई, ओळखलं नाहीत? लिमये सर. तुमचं ऑपरेशन यांनीच केलं."

"तू काय! तेव्हा केस होते तुला." तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बस. मासं खातोस का नाय? बामन ना तू?"

"खातो."

"घरी सांगून खातोस का चोरून?"

सुजाता हसली. मीही. सुनेने तळलेले ओले बोंबील आणि तांदळाची भाकरी आणून दिली. हिराबाईने चार घास घेतले आणि ताटली बाजूला ठेवली. जठर वर ओढलेल्या माणसाला एका वेळी एवढंच जातं. तासाभराने पुन्हा चार घास. रात्री उशाला तीन उशा घेऊन झोपते, तिने सांगितलं. लिलावाचं मी विचारलं.

"त्या साली जावेने घेतला, तो घेतलाच. आता तिची सून पुकारते. बकरीसारखा आवाज आहे मेलीचा, पन आहे ना." तिने ताटावर एक ठोका दिला. "मना हे हाय."

मग ती म्हणाली, "ही पोर बाहेरगावी नसली की दर नारळी पुनवेला येते. ठावं आहे तुला? पयल्या साली आली ती ह्याच ओट्यावर बसून रडली. माज्या बोटानं तुमचा आवाज गेला, मला माफ करा, म्हनली. मी म्हनलं, असा डॉक्टर कुनी बघितलाय का, जो सोताहून दारात येऊन सांगतो?"

"हिराताई, जुनं झालं ते," सुजाता म्हणाली.

मला हे माहीत नव्हतं. माझी माफी मागून झाली होती. माझ्या जागी, या ओट्यावर, पहिल्याच वर्षी, तिने.

हिराबाई माझ्याकडे वळली. "माजा नवरा जित्ता होता तवा म्हनायचा, ही पोर कुनालातरी वाचवते. डॉक्टर लोक असं सोताहून सांगत नसतात. मी म्हनलं, असंल. आज तू आलायस तर इचारते. तू होतास ना तिथं? खरं सांग. हिच्याच बोटानं गेला?"

सुजाता म्हणाली, "अहो, सरांना कशाला त्यात..."

हिराबाईने हात वर करून तिला थांबवलं. ओटा शांत होता. गिऱ्हाईक नव्हतं, फोन वाजत नव्हता, सून आत गेली होती. कुणी मला अडवलं नाही, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. दोघी माझ्याकडे बघत होत्या, आणि वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

मी म्हणालो, "फार जुनं झालं हो ते."

हिराबाईने सुरी उचलली. मग म्हणाली, "तुला जुनं. मला रोज सकाळी नवीन." आणि ताट वाजवलं, जोरात. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

सुजाताने मला मेट्रोपर्यंत सोडलं. वाटेत ती रोबोटबद्दल बोलत होती, फर्नांडिसच्या हाताबद्दल, पुढच्या पेशंटबद्दल. मला सांभाळून घेत होती. जिन्याशी ती पुन्हा वाकली. या वेळी मी पाय मागे घेणार होतो. पाय हलले नाहीत. उलट हात वर गेला आणि तिच्या डोक्यावर टेकला.

मुलुंडला नितीनने विचारलं, "भाषण कसं झालं, काका?" मी म्हटलं, "वेळ संपली."

आमच्या वाचनालयाचा अंक दापोलीबाहेर फारसा जात नाही. हे मी इथेच का लिहितोय, त्याचं ते एक कारण असेल, असंही मला वाटतं. माझ्यावर माझा फार विश्वास उरलेला नाही. म्हणून वाक्य जसंच्या तसं देतो. दापोलीत लहान केलेलं, मुलुंडला आरशात म्हटलेलं, वेसाव्याच्या ओट्यावर तोंडात राहिलेलं.

सुजाता, तू हातमोजा बदलायला वळलीस तेव्हा मानेत लोखंड मी घातलं. तुझ्या बोटाने काहीही झालं नाही. बैठकीत मी तुझ्यासाठी उभा राहिलो नव्हतो, माझ्यासाठी राहिलो होतो. मला माफ कर.